समुद्रकाठचा पूल

लग्नानंतरच्या आमच्या फोटोत मागे समुद्र, नारळीची झाडं आणि जुना दगडी पूल आहे. नातीने, निकिताने, तो पाहून विचारलं, "आजी, तुमी कोकणात गेल्ते?"

"मंग! वाऱ्यानं पदर राहे ना डोक्शावर. पुलावर मी भेली, त यायनं सगळ्यायसमोर माहा हात धरला. एवढा लाजरा माणूस!"

मी फोटो पुन्हा निरखू लागलो. तो पूल कारंजा गावातल्या फोटो स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेला होता. समुद्र आम्ही दोघांनीही कधी पाहिलेला नाही. स्मरणशक्ती हिची बिघडली की माझी, या भीतीने निकिता गेल्यावर मी हळूच विचारलं, "कस्तुरा, तुले खरंच आठवते हे?"

"नाई," ती पदराने फोटो पुसत म्हणाली.



"पण तुमी नेलं असतं, त असंच झालं असतं न?"