रिवर्क

"नुसतं छान म्हण ना आई," प्राजक्ता म्हणाली. "नऊला निघायचंय मला."

नुसतं छान म्हणणं शालनबाईंना कधी जमलं नव्हतं. चौदा वर्षं कुरुळीजवळच्या कंपनीत त्या तपासणीला बसत होत्या. उद्या जावई दारात आला तरी उलटसुलट करून पाहिल्याशिवाय त्याला बरा म्हणणार नव्हत्या. एका पाळीत सातशे-आठशे पार्ट त्यांच्या हातांखालून जायचे आणि ज्यात खोट नाही त्याच्याच बुडाला मार्करचा हिरवा ठिपका मिळायचा. पण आज लेकीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची परीक्षा होती. अकराला आकुर्डीच्या कॉलेजात बाहेरचे परीक्षक यायचे होते. आयटीची चार वर्षं त्या अर्ध्या तासावर येऊन ठेपली होती. अशा सकाळी आईनं खोट काढू नये, असं शालनबाईंनी स्वतःला बजावलं आणि चहाचा कप बाजूला सारून फोन हातात घेतला.

प्रोजेक्टचं मूळ त्यांच्याच तक्रारीत होतं. पाळी सुटली की कंपनीच्या बसमध्ये जागेवरून जी रोजची झोंबाझोंबी व्हायची, ती ऐकून ऐकून प्राजक्ताचे कान किटले होते. म्हणून तिनं हे अ‍ॅप केलं होतं. आता बसमधली जागा फोनवरच धरायची. पांढरा चौकोन म्हणजे रिकामी जागा. दाबला की तो निळा होतो आणि आपलं नाव येतं.

शालनबाईंनी सात नंबर दाबला. खिडकीची जागा. चौकोन निळा झाला आणि त्यात 'शालन' आलं. त्यांना इतकं बरं वाटलं की क्षणभर त्या बघतच राहिल्या.

"झालं?" प्राजक्ता बॅगेची चेन लावायला लागली.

"तुझा फोन दे बरं."

"तो कशाला?"

"इथं एकटीच बाई जागा धरायली. भोंगा झाल्यावर एकटी असती का कुणी? चाळीसजणी एकदम दाबणार."

लेकीच्या फोनवर त्यांनी तानुबाईचं नाव घातलं. तानुबाई त्यांच्याच लाइनीवरची, खिडकीसाठी सख्ख्या बहिणीशी भांडेल अशी. दोन्ही फोन मांडीवर ठेवून त्यांनी बारा नंबरची जागा समोर घेतली आणि दोन्ही अंगठे एकदम टेकवले.

एका फोनवर आलं, 'शालन, जागा १२.' दुसऱ्यावर आलं, 'तानुबाई, जागा १२.'

"आता मी तिच्या मांडीवर बसू, का ती माझ्या?" शालनबाई म्हणाल्या, आणि म्हणून गेल्यावर जीभ चावली.

प्राजक्ता दोन्ही फोनकडे बघत कॉटवर बसली. "दोघांनी एकदम एकच गोष्ट मागितली तर काय करायचं, हे मी दुसऱ्या वर्षाला लिहिलंय गं. आकृती काढून. दहात नऊ मिळाले होते."

"मग राहिलेला एक हाच असंल."

ती हसली नाही. "महिनाभर मी एकटीच दाबून बघत होते. संपलं. रिजेक्ट झाला माझा प्रोजेक्ट."

शालनबाईंना आपल्या तपासायच्या खोडीचा राग आला. पण त्याहून तो शब्द लागला. चौदा वर्षांत त्यांनी तो उगाच कधी वापरला नव्हता.

"रिजेक्ट म्हणू नको," त्या म्हणाल्या. "रिजेक्ट लाल पेटीत जातं, त्याचं भंगार होतं. हे रिवर्क हाय. रिवर्क परत लाइनीवर जातं, नीट होऊन येतं, अन् मग चांगल्या मालात मिसळलं की मलासुद्धा ओळखू येत न्हाई. किती वाजले?"

"आठ वाजून दहा."

"मग बसायलीस काय?"

प्राजक्तानं लॅपटॉप उघडला. ती काय लिहीत होती ते शालनबाईंना कळणं शक्यच नव्हतं. आधी तिची बोटं अडखळत होती, मग अडखळायची थांबली, एवढं मात्र त्यांना कळलं. त्यांनी पोह्यांची बशी तिच्या कोपराशी ठेवली. पोहे तिथंच गार झाले. पावणेनऊला हाक आली.

"दाब आता."

शालनबाईंनी दोन्ही अंगठे टेकवले. एका फोनवर आलं, 'शालन, जागा ९.' दुसऱ्यावर आलं, 'ही जागा आत्ताच गेली. दुसरी निवडा.'

त्यांनी पुन्हा दाबलं. जागा बदलून दाबलं, फोनांची अदलाबदल करून दाबलं, अकरा वेळा दाबलं. प्राजक्ता घड्याळाकडे न बघता उभी होती. अकरापैकी सात वेळा जागा तानुबाईनंच पटकावली, त्याचं शालनबाईंना जरा वाईट वाटलं. पण एका जागेवर दोघी पुन्हा आल्या नाहीत.

त्या उठल्या. खुंटीवरच्या कंपनीच्या पिशवीतून त्यांनी मार्कर काढला, लॅपटॉप मिटून पालथा केला आणि कोपऱ्यात एक हिरवा ठिपका दिला.

"आई, लॅपटॉपवर?"

"बुडालाच देतात. गिऱ्हाइकाला दिसत न्हाई." शालनबाईंनी ठिपक्यावर फुंकर घातली. "वाळू दे. हात लावू नको."

नऊ वाजले होते. प्राजक्तानं बॅग रिकामीच खांद्याला अडकवली. लॅपटॉप छातीशी धरून, ठिपका रस्त्याकडे ठेवून, ती स्टॉपच्या दिशेनं चालायला लागली.