आम्लाचा थेंब

“टाकू का थेंब?” आम्लाच्या बाटलीचं बूच काढत संग्रहालयाच्या तपासनिसांनी विचारलं.

“टाका की! त्यासाठीच तर बोलावलंय,” बाबा म्हणाले. मोतीबिंदूमुळे त्यांना समोरचा माणूसही धड दिसत नव्हता, पण आज ऐट नवरदेवाची होती.

लेकीच्या तोंडचं मात्र पाणी पळालं होतं. टेबलावरचा तो अश्मीभूत लाकडाचा तुकडा संग्रहालयाने घेतला, तर बाबांचं जन्मभर थट्टेवारी गेलेलं संशोधन एकदाचं मान्य होणार होतं. नाही घेतला, तर ते हाय खाऊन अंथरूण धरतील, याबद्दल तिला शंका नव्हती.

“पण लाकडाचा दगड होतो तरी कसा?” वेळ काढायला तिने विचारलं.

“घ्या! शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि घरच्या दगडाचा पत्ता नाही,” बाबा उखडले. “झाड गाळात गाडलं जातं. हवा लागत नाही, म्हणून कुजत नाही. पाण्यातली खनिजं पेशींच्या पोकळ्यांत जाऊन बसतात, ते खनिजभरण. लाकूडच विरघळून त्याची जागा दगडाने घेतली, की प्रतिस्थापन. किती वेळा कानीकपाळी ओरडायचं?”

खरंच ओरडले होते. तिने लहानपणापासून नुसतं हूं हूं केलं होतं.

तपासनिसांनी थेंब टाकला. तिने श्वास रोखला. थेंब पडला तसाच राहिला. एक बुडबुडा नाही.

तिचा जीव भांड्यात पडला. मागच्या महिन्यात शाळेतलं आम्ल आणून तिने गुपचूप हीच परीक्षा केली, तेव्हा बाबांचा तुकडा चांगला फसफसला होता. अश्मीभूत लाकूड म्हणजे गारगोटी, तिला आम्लाने काही होत नाही, असं तिने वाचलं होतं. म्हणजे कुणीतरी बाबांच्या गळ्यात सिमेंटचा ठोकळा मारला होता. त्यांना विचारायचा धीर होईना. शेवटी तिने तो घणाने फोडला, शेजारच्या नव्या इमारतीच्या पायात टाकला आणि दुकानातून तसाच दिसणारा अस्सल तुकडा आणून ठेवला.

तपासनीस भिंगातून पाहत राहिले.

बाबा खुर्चीच्या टोकाशी सरकले.

“आला ना फेस?” त्यांचा आनंद मावत नव्हता. “गारगोटी झालेली लाकडं काय, गल्लोगल्ली मिळतात. चुना भरलेलं हे एवढं एकच!”