फरार माणसाची चाल

"उजवा पाय जरा बाहेर फेका साहेब, आणि डावा खांदा थोडा पाडा. हां, अस्सं!" हेमलता म्हणाली.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर इन्स्पेक्टर खराडे तिच्या दवाखान्यात व्यायामाला येत होता. आज त्याने काठी सोडली. "ताई, तुमच्यामुळे नव्याने चालायला शिकलो बघा!"

ती गोड हसली. त्याने तिला ओळखलंच नव्हतं.

चौकातल्या पोलिसी कॅमेऱ्याने तिच्या भावाला, दिगूला, नुसत्या चालीवरून दरोडेखोर ठरवलं होतं. तिने हातापाया पडून विनवलं, तेव्हा हाच खराडे गुरकावला होता, "चेहरा बदलता येतो बाई, चाल नाही. यंत्र चुकत नसतं." दिगू कोठडीत मार खाऊन मेला. खराडेने प्रेताची परस्पर विल्हेवाट लावली आणि दिगू पळून गेल्याचं दाखवलं. तेव्हापासून शहरातले सगळे कॅमेरे एका मेलेल्या माणसाची चाल शोधत होते.

खराडे ऐटीत रस्त्यावर उतरला. उजवा पाय बाहेर फेकत, डावा खांदा पाडत तो चौकात पोचला आणि खांबावरचा भोंगा कोकलू लागला. नव्या भरतीचे दोन शिपाई त्याच्यावर तुटून पडले.

"अरे गाढवांनो, मी इन्स्पेक्टर आहे! तोंड बघा माझं!"

"तोंड काय, कुणीही बदलतं," एकाने त्याचा हात पिरगाळला. "चल, ठाण्यात!"

हेमलताने खिडकी सताड उघडली.

"सावकाश चाला, साहेब!" ती ओरडली. "आमचा दिगू शेवटचा असाच चालत गेला होता."