कंगव्याचं नख

हळदीआधी नवरीची नखं काढायला गोजरबाई न्हावीण बसली. कोकिळेने उजवा हात दिला, डावा पदराखालीच ठेवला. "तोही दे वं, सासरी एकच हात नेतं काय?" गोजरबाईने तो ओढून घेतला. करंगळीवरचं रंगवलेलं नख तुटक्या कंगव्याचं होतं, डिंकाने चिकटवलेलं. खरं नख कापसातली सरकी काढताना रेच्याच्या यंत्रात सापडून गेलं होतं. बोट सुजून काळं पडलं होतं. "काढू नका मावशी, लग्न मोडन." "अन् बोट सडलं मंग?" गोजरबाईने नखं काढायची नराणी उकळत्या पाण्यात बुडवून नख सोडवलं. पू आला. तेवढ्यात वराकडची हळद घेऊन होणारी सासू आली. "हे काऊन लपवलं वं?" ती कडाडली. कोकिळा रडू लागली. सासूने हळदीचं ताट खाली ठेवलं आणि व्याह्यांना हाक दिली, "इवाई, दमणीले बैल जुंपा! पोरीले दवाखान्यात नेऊ. हळद थांबन, बोट थांबणार नाही."