चाळीस तास

विमान चालवण्याचा परवाना मिळायला चाळीस तास उडावं लागे. वेंडेलचे एकतीस झाले होते. उरलेले नऊ लवकर भरले, तर तेवढाच त्याचा फायदा.

विमान उतरलं की तो खिशातल्या चिमुकल्या संगणकात सुटल्याची आणि टेकल्याची वेळ घाली. मधला काळ ते यंत्र सांगे. त्या सकाळी तो नऊला उडून दहाला उतरला, तर उत्तर आलं तीन तास.

"फुशारकी तुझ्याकडूनच शिकलंय ते," त्याची शिक्षिका लोरेटा हसली. तिचे स्वतःचे अकरा हजार तास झाले होते.

पण इंधनही तीन तासांचं जळलं होतं. वेंडेल चक्रावला, तरी उड्डाणांच्या वहीत तीनच लिहिले. लोरेटाने सही केली आणि विमानाचं दार कुठून उघडतं, ते चाचपत बसली.

दुसऱ्या उड्डाणालाही तीनच आले; लोरेटाच्या वहीतला अकरा हजारांचा आकडा मात्र तीनशेवर आला होता. तिसऱ्या वेळी त्याला दम निघेना. हवेत असतानाच त्याने उतरण्याची वेळ घालून टाकली. तीन. चाळीस भरले!

खाली वारा आडवा सुटला होता. "लोरेटा, आज तुम्हीच उतरवा."

तिने हात मांडीवर घट्ट धरले होते.

"मी? अहो सर, माझा तर आज पहिलाच दिवस ना?"