उपडे हंडे

टँकर विहिरीशी येऊन थांबला, तरी एकही बाई उठली नाही. सगळ्या कठड्यावर चिकटून बसल्या होत्या. पाइप आत सोडायलाही जागा नव्हती. पुढ्यात हंडे, सगळे उपडे.

सरपंच पंढरी घाईने पुढे झाला. काल त्याला वरून फोन आला होता : तो व्हिडिओ आधी काढून टाक. भरलेला टँकर परत आला, तर पुन्हा मिळणार नाही.

व्हिडिओ त्याच्या पुतणीचा, योगिताचा. टँकर विहिरीत ओतला की झुंबड उडते. परवा त्या रेटारेटीत नवशी आत पडली. कंबर मोडून जव्हारच्या दवाखान्यात आहे. व्हिडिओत योगिता म्हणत होती, "टाकी बांधा, नळ लावा. तोवर हंडे उपडे." पंढरीने समोर बसून तिला तो डिलीट करायला लावला. पाहिला होता दोघाचौघांनीच. रेंज फक्त शाळेमागच्या टेकडीवर.

तरी त्याचा जीव थाऱ्यावर येईना. आज उजाडताच शिपाई फागूला घेऊन तो सगळे पाडे फिरला. फागू थाळी बडवायचा, पंढरी ओरडायचा, "ऐका हो! टँकर आला की हंडे उपडे ठेवायचे नाहीत! योगिताचं कोणी ऐकायचं नाही!"

आता तो खालच्या पाड्याच्या म्हाताऱ्या पोशीपुढे उभा राहिला.

"आजी, तुझ्याकडे मोबाईलसुद्धा नाही. तुला हे कोणी शिकवलं?"

"तूच त आलास सकाली थाली वाजवत," पोशी म्हणाली. "त्याच्याआधी आमाला काय ठाव, असा बी करता येतं?"

कठड्यावर हसू फुटलं.

"सरपंच, ओतू की नेऊ?" ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"पाया पडतो तुमच्या," पंढरी म्हणाला. "हा गेला तर परत यायचा नाही. मग प्याल काय?"

"काल काय पेलो?" कुणीतरी म्हणालं. "झऱ्यावर वाटीवाटीनं भरला, तां."

टँकर वळला. तोटीतून पाणी ठिबकत गेलं. त्या ओल्या रेघेवर जीभ फिरवत एक शेळी मागोमाग चालली. बायका बघत राहिल्या. उठलं कुणी नाही.

ओरडून ओरडून पंढरीचा आवाज बसला होता. रांगेच्या टोकाला त्याची बायको होती.

"हौशे, घोटभर पाणी दे."

हौशीने आपल्या हंड्याच्या बुडावर हात ठेवला. तोही उपडाच होता.