सर्वांत दाट तीन जागा

११ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. काच क्रमांक २०९, पहिली जागा : रक्तवाहिन्या ४७.

मास्तरांनी मोजणीचा खटका शून्यावर आणला आणि सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले. एकतीस वर्षे ते याच खिडकीशी बसून आतड्याचे नमुने तपासत आले होते. प्रयोगशाळेत त्यांचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ. काचेवर रुग्णाचे नाव नसे, फक्त क्रमांक असे. पण मंगळवारी पलीकडच्या इमारतीत आतड्याची दुर्बिणीतून तपासणी एकाच रुग्णाची झाली होती, आणि तिला दंडाला धरून घरी नेणारे मास्तरच होते. मुलीचे आडनाव सासरचे. त्यामुळे इथे कुणालाच पत्ता नव्हता.

या दुखण्यात सुजलेले आतडे नव्या रक्तवाहिन्या वाढवते, आणि त्याच वाटांनी सुजेला आणखी रसद मिळते. औषध लागू पडले तर वाहिन्या विरळ होतात. या औषधावरच्या अभ्यासाचा नियम साधा होता : काचेवरच्या सर्वांत दाट तीन जागा मोजायच्या आणि सरासरी काढायची. ती पस्तिसाच्या आत आली तर औषध चालू. वर गेली तर शस्त्रक्रिया. मोठे आतडे काढायचे आणि पोटावर मलाची पिशवी.

"बाबा, काहीही करा, पण ती पिशवी नको," मुलगी म्हणाली होती. ती खोलीबाहेर गेल्यावर सर्जन म्हणाले होते, "औषध लागू नसताना वाट पाहत बसलो, तर आतडं फुटेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

मास्तरांनी काच सरकवली. कडेला रक्तवाहिन्यांचे तपकिरी ठिपके विरळ होते. तेहतीस. आणखी थोडे पलीकडे, एकतीस. मग बत्तीस. सत्तेचाळीस त्यांनी लिहिलेच नाहीत. चिठ्ठीवर '३२' लिहून त्यांनी तिची घडी घातली आणि पेटीत टाकली.

प्रत्येक काच दोघांनी वेगवेगळी मोजायची, असा दंडक होता. दुसरी मोजणी तरुण डॉक्टरणीची. साडेबारा वाजता तिने दोन्ही चिठ्ठ्या उघडल्या.

"मास्तर, तुमचे बत्तीस आणि माझे शेहेचाळीस! मी काय काचेवरची धूळ मोजली की काय?" ती हसली.

मास्तर हसले नाहीत.

"एवढं अंतर आपलं कधीच पडलं नव्हतं. नियमाने दोघांनी एकत्र बसून पुन्हा मोजायला हवं. पण तुमच्यापुढे मी काय बसणार? खटका धरायलासुद्धा तुम्हीच शिकवलंत. चष्मा बदलायला झाला माझा. खोडते मी माझा आकडा."

तिने पेनाचे टोपण काढले. मास्तरांना हवे होते ते एका रेघेच्या अंतरावर आले होते. कुणी विचारणार नव्हते, कुणाला कळणार नव्हते. पेनाचे टोक कागदाला टेकले.

"थांब, पोरी."

दोघांना एकदम पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक कोपऱ्यात होता. मास्तरांनी तिथे दुसरी खुर्ची ओढली, काच बसवली आणि कुठेही न चाचपडता एका जागेवर आणून थांबवली.

"हीच तर माझी पहिली जागा," ती म्हणाली. "केवढी दाट आहे! ही तुमच्या नजरेतून सुटली, मास्तर? तुमच्या?"

"पाहिली होती. सत्तेचाळीस भरल्या होत्या."

तिने मान वर केली. मास्तर मात्र भिंगातच पाहत राहिले.

"माझ्या मुलीची काच आहे ही. वहीत तसंच लिही. आणि माझी चिठ्ठी फाडू नकोस, तीही जोड. आता तू मोज. मी नुसता ऐकतो."

मग तिने खटका उचलला. मास्तरांनी डोळे मिटले. खट्. खट्. खट्. पस्तिसाव्या खटक्याला त्यांनी टेबलाची कड धरली. खटका थांबला नाही.

तिन्ही जागांची सरासरी : ४६.